मोतिया भिंत

"सांग आई, कुठला रंग द्यायचा? तू म्हणशील त्योच!" जयराज भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, आणि खाटेवरची रंगूबाई पेचात पडली. पलूसच्या त्या घरातल्या अंधाऱ्या पुढच्या खोलीत पेंटरने दोन पट्टे ओढून ठेवले होते, एक चॉकलेटी, एक मोतिया; आणि त्या पट्ट्यांवरून मुलगा-सून सकाळपासून एकमेकांशी धड बोलत नव्हते.

"मला इचारशील तर चॉकलेटी बरा," जयराज म्हणाला. "तू भिंत धरून चालतीस, तेलाचे हात दिसायचे न्हाईत."

"मग मी काय बॅटरी लावून ब्लाऊज शिवू?" मशीनवरून समीक्षा फणकारली. "डोळ्यांच्या पार खाचा झाल्या माझ्या!"

रंगूबाईने सुनेच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर मिरजेच्या डॉक्टरांनी रोज चालायला बजावलं होतं. समीक्षा स्वयंपाकाला आत गेली, की गुडघ्यांना तेल चोळून, भिंतीच्या आधाराने रंगूबाई दारापर्यंत जाऊन यायची... पण या पोरीनं तिचं आजारपण, घर, शिवण, सगळं एकटीनं ओढलं होतं!

"मोतिया दे रं," ती म्हणाली. "उजेड पडंल."

खोली खरंच उजळली. समीक्षा शिवताना गुणगुणू लागली. आणि रंगूबाई, सून आत गेली की, खाटेवर नुसती बसून राहू लागली. विचारलं तर म्हणायची, "आत्ताच फिरले की गं." चालण्याने कधी आला नव्हता एवढा शीण तिला त्या खोट्याने यायचा...

काही महिन्यांनी पुढच्या तपासणीला डॉक्टर संतापले. गुडघे आखडले होते. आता ते पूर्वीसारखे वाकणं कठीण होतं.

"तुला एवढंबी बघता आलं न्हाई?" घरी येताच जयराज बायकोवर ओरडला.

समीक्षा उत्तर देणार होती, पण तिची नजर भिंतीवर गेली. इतक्या महिन्यांत तेलकट हाताचा एकही डाग नव्हता!

"आत्या..." ती सासूकडे वळली. "तुमी चाललाच न्हाईत?"

"लय ग्वाड दिसती गं भिंत. हात लावायचा धीर झाला न्हाई."

"आवं, भिंत पुसता आली असती की!"

तिने रंगूबाईच्या काखेत हात घालून तिला उभं केलं. "धरा." रंगूबाई सवयीने तळवा आधी पदराला पुसू लागली. सुनेने तो मधेच पकडला.

"पुसू नका," ती म्हणाली. "हाय तसाच टेका."

तळवा भिंतीला टेकला. गुडघा मात्र हलेना. दोघी तशाच उभ्या राहिल्या, दमलेल्या, एकीच्या खांद्यावर दुसरीचा सगळा भार...