बाहेरची कडी

धायरीच्या त्या फ्लॅटमध्ये सुभेदार दशरथ ओव्हाळांच्या पुण्यानुमोदनाला पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांचा ढीग पार जिन्यापर्यंत गेला होता. भन्तेजींची वंदना आटोपली आणि एकेक जण उठून आठवणी सांगू लागला.

"सियाचिनच्या बर्फात उजव्या हाताची दोन बोटं गेली," पलटणीतले संपतराव म्हणाले, "पण सुट्टीवर आला की डाव्या हातानं सगळ्या घराच्या जोड्यांना पॉलिश करणार! वहिनींच्या चपलासुद्धा सोडायचा नाही. मग टोकं बाहेर करून दाराशी ओळीनं मांडायचा. म्हणायचा, उठलं की निघता आलं पाहिजे."

लोक हसले. जयाबाईंनाही हसू आलं, आणि लगेच डोळे भरले. नवऱ्याचं बरोबर तेच सांगितलं होतं संपतरावांनी.

मग शेजारचे अवधूत जोशी उठले. "बुद्धभूषणनं वडिलांचं जसं केलं, तसं आजकाल कोण करतं हो?"

जयाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. केलं म्हणे! सुभेदारांना विसरायचा आजार झाला आणि ते पहाटेच उठून परेडला निघू लागले. एकदा सिंहगड रोडवर सापडले, तर चार लोकांत लाज गेली म्हणून या लेकानं त्यांचे बूट भंगारात घातले आणि खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसवली. रोज आतून हाक यायची, "जये, कडी काढ गं. उशीर होतोय." काढली की लेक घर डोक्यावर घ्यायचा. मग जयाबाईंनीही काढायचं सोडलं. एका सकाळी हाकच आली नाही. दाराला टेकून बसल्या बसल्या गेले होते, अनवाणी.

"अहो," त्या फोटोकडं बघत पुटपुटल्या, "याला एकदा तरी कळू द्या, तुम्हाला आत काय वाटत होतं ते."

खिरीच्या वाट्या फिरू लागल्या तेव्हा वास आला. बूटपॉलिशचा.

"पॉलिश कुठून आलं?" सून तनुजा कुजबुजली. "डबी तर मीच टाकून दिली, आई."

तेवढ्यात संपतराव दारातून माघारी आले. "वहिनी, जोडे कुणी लावले?"

बाहेर ढीग नव्हता. जिन्यापर्यंत सरळ ओळ होती. सगळी टोकं बाहेर, सगळं चकचकीत. रबरी स्लिपरासुद्धा पुसलेल्या. संपतरावांनी एका बुटावर बोट फिरवलं. ते काळं झालं.

ओळीत भूषणचे बूट तेवढे नव्हते. ते घरात होते, सुभेदारांच्या खोलीच्या दारापाशी. टोकं आत.

"कुणाचा चावटपणा आहे हा?" भूषण चिडला. "बाबांची पदकं आत आहेत, ती तरी जागेवर आहेत का बघतो." तो खोलीत शिरला.

दार आपोआप लोटलं गेलं. मग कडी सरकली. दाराजवळ कुणीही नव्हतं.

"आई, कडी काढ."

तनुजा धावली. कडी हलेना. संपतरावांनी जोर लावला, तरी हलेना. आतून धक्के बसू लागले.

"आई! अगं, गुदमरतंय मला!"

जयाबाई जागच्या हलल्या नाहीत. गुदमरू दे, त्यांच्या मनात आलं. कळू दे.

धक्के थांबले.

"जये, कडी काढ गं. उशीर होतोय."

आवाज भूषणचाच होता. पण त्यानं आईला जन्मात नावानं हाक मारली नव्हती.

जयाबाई उठल्या. या वेळी काढायचीच. त्यांचं बोट लागलं आणि कडी अलगद सरकली.

भूषण अनवाणी बाहेर आला. कुणाकडंही न बघता उंबऱ्याशी मांडी घालून बसला. आईची चप्पल उचलली आणि शर्टाच्या टोकानं पुसू लागला. डाव्या हातानं.

"भूषण? अरे बाळा..."

"डबी कुठं ठेवलीस, जये?"

उजव्या हाताची दोन बोटं त्यानं मुडपून घेतली होती. जयाबाईंनी ती हातात धरली, उलगडून पाहिली. बोटं बर्फासारखी गार होती आणि काही केल्या सरळ होईनात.