माळवदावरचा प्लग

बाळू, ती वायर खाली ठेव. पत्ते कुटायला गच्चीवर दिवा हवाय ना तुम्हाला? कंदील आहे की. वीज घराबाहेर आणायची म्हटलं की माझं डोकं फिरतं, आणि का फिरतं ते आज सांगूनच टाकतो. ही उडत आलेली गोष्ट नाही. बिरप्पानं मला स्वतःच्या तोंडानं सांगितली, आणि त्या माणसाला साधी थापसुद्धा धड मारता येत नव्हती.

बिरप्पा आपल्या सोलापुरातच मडिवाळप्पाच्या कापडदुकानात कामाला होता. छत्तीस सालची वैशाखी अमावास्या, बुधवार. मालकांच्या घरचा टेबलफॅन दुरुस्तीला टाकला होता. दिवेलागणीला मालक म्हणाले, "बिरप्पा, पंखा घिऊन घरी पोचव. मी येतोच मागनं." एवढंच काम. त्यानं पंखा फडक्यात बांधला, खांद्यावर घेतला आणि चालत निघाला. दिवसभर गाव भाजून निघालं होतं. लोक ओट्यांवर उघडेबंब बसून वाऱ्याची वाट बघत होते.

आता त्या घराचं थोडं सांगायला हवं. उन्हाळ्यात माळवदावर, म्हणजे त्या मातीच्या गच्चीवर, झोपताना पंखा पाहिजे, हा मडिवाळप्पाचा हट्ट. म्हणून जिन्याच्या भिंतीला बाहेरच्या अंगानं प्लग बसवून घेतला, तोही खाली, पायाजवळ. बसवणाऱ्यानं बजावलं, उघडा ठेवू नका, पेटी करा, बटण आत जिन्यात घ्या. शेजारी म्हणून मीही सांगितलं. यानं काय केलं, वर पत्र्याची पट्टी ठोकली आणि मला म्हणाला, "झालं की. आता पाऊस येतोय कुटनं?" अरे, पावसाचं काय घेऊन बसलास? आपल्याकडं सांज झाली की बायका माळवदावर बादलीनं पाणी मारतात. तापलेली जमीन निवल्याशिवाय अंथरूण टाकता येत नाही. अनवाणी पाय, ओले हात. हे रोजचंच, आणि रोजचंच म्हणून त्या घरात एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आदल्या उन्हाळ्यात त्याची सून गौरम्मा तिथंच गेली. पाणी मारून झालं, तशीच सासऱ्यासाठी पंखा लावायला बसली, ती उठलीच नाही. मला वाटलं, आता तरी हा माणूस तो प्लग उखडून टाकेल. कसलं काय. गावाला सांगितलं, हृदय बंद पडलं, आणि लिंगायतांच्या रीतीनं तिला मातीत बसवून पुरलं. आणि प्लग काढला तर लोक म्हणतील यांच्या पंख्यानं सून मारली, म्हणून तो तसाच ठेवला. अजून संताप होतो रे माझा. वर्षाच्या आत मुलाचं दुसरं लग्न लावलं. नवी सून नीलम्मा. तिला या प्लगचं कुणी अवाक्षर सांगितलं नाही.

बिरप्पा पंखा घेऊन वर गेला तेव्हा नीलम्मा एकटीच होती. जिन्यातल्या दिव्याचा उजेड दाराबाहेर थोडासा पडला होता. पुढं सगळा काळोख. लांबचं अर्धं माळवद ओलं, जिन्याकडचं कोरडं. बादली रिकामी.

"पाणी संपलं अण्णा," ती म्हणाली. "हिकडचं राहिलं बघा."

"राहू दे अक्का. पंखा मी लावतो. तुमी हात नगा लावू."

"का वो?"

गौरम्माचं त्याला ठाऊक होतं, पण मालकाच्या सुनेला ते सांगणार कसं? तो पंखा खाली ठेवायला वाकला, तोच मागच्या काळोखातून पाणी मारल्याचा आवाज आला. सपक... सपक...

"कोण हाय तितं?"

"कुणी न्हाय. सासूबाई खाली हाईत."

सपक...

मग आवाज थांबला.

कोरड्या जमिनीवर एक पाऊल उमटलं. ओलं. मग दुसरं. लहान, बाईचं. ती पावलं उजेडात आली. बिरप्पाच्या शेजारून गेली. प्लगपाशी थांबली. आणि वळली. टाचा भिंतीकडं... बोटं नीलम्माकडं.

नीलम्मा त्या पावलांकडं बघत मागं सरली.

जिन्यात वहाणा वाजल्या. मडिवाळप्पा घामानं निथळत वर आला. "अजून पंखा लावला न्हाय?"

"मालक, आज नगं. जागा ओली हाय. अक्कांचे पाय ओले हाईत."

मालकानं खाली पाहिलं. पावलं पाहिली. बिरप्पा शपथेवर सांगायचा, पाहिली म्हणून. आणि मान फिरवली.

"नीलम्मा, लाव."

"मालक, मी लावतो की..."

"तुला इचारलं का? माझ्या घरात हे भ्याचं नाटक चालायचं न्हाय. लाव म्हनतो ना."

आता बोला. एका माणसाचा हट्ट, आणि जीव दुसरीचा.

ती पुढं झाली. त्या पावलांवरच बसली. बिरप्पानं तिला मागं ओढायला हात पुढं केला, मालकानं तो झटकला. तिनं ओल्या हातानं वायर उचलली. भिंतीशी नेली.

लावली.

...

काही नाही.

पंखा हलला नाही. नीलम्मा पडली नाही. जिन्यातला दिवा तसाच लख्ख. तिनं हळूच मागं बघितलं आणि ती रडायला लागली. मडिवाळप्पानं दुरुस्तीवाल्याला शिव्या घातल्या, वायर हिसकली, पुन्हा पुन्हा खुपसली. पंखा ढिम्म. बिरप्पा नीलम्माला घेऊन खाली आला. जाताना त्या पावलांकडं पाहायचं धाडस त्याला झालं नाही.

सकाळी माणूस बोलावला. त्यानं वीज खालून बंद केली आणि प्लग उघडायला बसला. बसवल्यापासून तो कुणी उघडलाच नव्हता. स्क्रू असे गंजलेले की शेवटी झाकण फोडावं लागलं. आत दोन्ही तारा आपापल्या जागेवरनं काढलेल्या, मागं सारलेल्या. दोन्हींच्या तोंडाला इरकली लुगड्याची चिंधी गच्च बांधलेली.

मडिवाळप्पाची बायको बसव्वा शेजारीच उभी होती. तिनं चिंध्या हातात घेतल्या, काठ उलटून पाहिला.

"गौरम्माचं लुगडं," ती म्हणाली. "ह्येच नेसवून मातीत बशीवली की तिला."

"उंदरानं वढून आनलं आसंल," मडिवाळप्पा म्हणाला. सांगा आता. अशा माणसापुढं डोकं फोडून तरी काय उपयोग?

बसव्वा तिथंच खाली बसली आणि नखांनी गाठ सोडवायला लागली. सुटेना. गाठ अजून ओली होती.