होल म्हणजे अख्खं

दातांच्या डॉक्टरांकडे निघालेली ती चुकून शेजारच्या दारात शिरली आणि थेट माइकसमोर जाऊन बसली, तिथूनच सगळं सुरू झालं. काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट एका निवेदिकेची वाट पाहत होता. हीच ती, असं समजून तो म्हणाला, "तोंड जरा पुढे आणा." हिनं निमूटपणे आ वासला!

हसून हसून दोघांची पुरेवाट झाली. आवाज त्याला असा काही आवडला, की बोलत्या इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं काम तिलाच मिळालं. दाढ राहिली ती राहिलीच. आता कोश डब्ल्यूपर्यंत आला होता. शब्द संपले की इथं यायला निमित्त उरणार नव्हतं, आणि तिचा जीव तर त्याच्यात अडकलेला. पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ!

"पुढचा शब्द होल," हेडफोनमध्ये त्याचा आवाज आला.

"भोक?"

"अख्खं! उच्चार तोच, स्पेलिंग वेगळं."

"कमाल आहे... एकाच उच्चारात सगळं असणं आणि काहीच नसणं!"

"वाचा आता, तत्त्वज्ञ बाई."

तिनं वाचलं, "होल. संपूर्ण, सबंध, अख्खं. उदाहरणार्थ, मी अख्खा दिवस वाट पाहिली."

त्यानं ते रेकॉर्डिंग परत ऐकवलं. वाक्य संपलं आणि त्यामागून तिच्याच आवाजात, अगदी हळू, आलं — "तुझी."

ती त्याला कायम 'तुम्ही' म्हणायची. तो 'तू' तिनं फक्त मनात...

"पुढचं घेऊ," तो कसाबसा म्हणाला.

"त्यानं संपूर्ण सत्य सांगितलं नाही," तिनं पुढचं उदाहरण वाचलं.

ऐकवताना या वेळीही तिचाच आवाज मागून कुजबुजला, "मी तरी कुठं सांगितलंय?"

हेडफोन टाकून ती तरातरा त्याच्या खोलीत आली. डोळे भरले होते. "माझेच जुने तुकडे जोडताय ना? मनातलं ओळखलंत तर ओळखलंत, थट्टा कशाला?"

"आईशपथ, मी काही केलं नाही!" तो पांढराफटक पडला होता. "तुम्ही बटण दाबा. मी बसतो माइकसमोर."

ती त्याच्या खुर्चीत बसली. काचेपलीकडे त्यानं माइक जवळ ओढला. मग डोळे मिटून म्हणाला, "कोश संपला तरी जाऊ नकोस. मला तू... फार आवडतेस."

तो परत येऊन तिच्या खुर्चीमागे उभा राहिला. तिनं रेकॉर्डिंग ऐकायचं बटण दाबलं. त्याचं वाक्य आलं, जसंच्या तसं. मागून त्याचा आवाज काही आला नाही. सांगायचं काही उरलंच नव्हतं.

"बघ," त्यानं सुटकेचा श्वास टाकला.

तेवढ्यात स्पीकरमधून तिचा आवाज आला — "हो."

ती तर माइकजवळ गेलीसुद्धा नव्हती. दोघांच्या अंगावर सरसरून काटा आला.

"हे... हे तू कधी म्हणालीस?"

"अजून कुठं म्हटलंय?" भीती वाटत होती, तरी तिनं त्याचा गारठलेला हात घट्ट धरला आणि दुसऱ्या हातानं मशीन बंद केलं. "आता म्हणते."