पदर झाडून गेली

रामकिसनला आणायला मी आणि मच्छिंद्र दुपारी ढोकीला गेलो. दुसऱ्या दिवशी सव्वीस जानेवारी, आमच्या कलामंदिराचं उद्घाटन, आणि ढोलकी वाजवणारा गडीच गावात नाही. येळवशीच्या अवसेच्या दुसऱ्या दिवशी तो कुणाला न सांगता निघून गेला आणि ढोकीच्या कारखान्यावर उसाच्या गाड्या खाली करायला लागला, एवढंच आम्हाला कळलं होतं.

त्याची झोपडी म्हणजे उसाच्या पाचटाची कोपी. आत एक बाज, बाजेवर जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधलेलं एक गठुडं. आम्हाला बसायला जागा करायची म्हणून त्यानं ते उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"धर जरा. भुईला ठिवू नको."

गठुडं हलकं होतं आणि गरम होतं. दोन-तीन भाकरी असतील, म्हटलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं, पण मागावं कसं?

"उद्या येतूस का न्हाय?" मच्छिंद्रनं विचारलं.

"न्हाय."

"सा महिने राबलो आपुन. आन् आता ऐन वक्ताला पाय काढतूस व्हय रे?"

"तात्याला इचारा," एवढंच म्हणाला. गठुडं माझ्या मांडीवरनं दोन्ही हातांनी उचलून घेतलं आणि परत बाजेवर ठेवलं. मग आमच्याकडं पाठ करून बसला. बोलणं संपलं.

परत येऊन कलामंदिरात, म्हणजे जुन्या जिनिंगमध्ये शिरलो तेव्हा अंधार पडला होता. लाइट नेहमीसारखी गेलेली.

जिनिंग आता ओळखूच येत नाही, असं आबाराव सगळ्यांना सांगत फिरतो. येते. कापसातनं सरकी काढायची, बहात्तर सालापासून बंद पडलेली सहकारी जिनिंग ती. तेव्हा तिचा चेअरमन आबारावच होता. संस्था बुडाली, सभासद बुडाले, आबाराव तेवढा वर तरंगत राहिला. कलामंदिराचा अध्यक्षही तोच. आमचं स्टेज तयार व्हायच्या आधी त्याच्या बापाच्या नावाची संगमरवरी पाटी तयार होऊन आली. आम्ही गप्प बसलो, कारण आम्हाला जागा पाहिजे होती. गावात पार आहे, पण पारावर म्हातारे बसतात. बौद्धवाड्यातल्या पोरांनी जलसा कुठं बसवायचा, आम्ही नाटक कुठं करायचं? म्हणून कॉलेजं सोडून बसलेली आमच्यासारखी पोरं सहा महिने इथं खपली. कुजलेल्या सरकीचा थर खरवडला, वटवाघळं हाकलली, चुना मारला. मागच्या भिंतीला तर तीन हात दिले. तरी काजळी वर येतेच.

बब्रुवान तात्या पूर्वी इथल्या मशीनला तेल घालायचे. आता राखणीला म्हणून आतच झोपतात. कंदील पुढ्यात घेऊन बसले होते.

"आला न्हाय ना?" त्यांनी विचारलं.

"न्हाय. तुमाला इचारा म्हन्ला," मच्छिंद्र म्हणाला.

तात्यांनी कंदील जवळ ओढला. मग म्हणाले, "हिकडं सरका. फाटकाकडं पाठ करून बसू नका."

आम्ही सरकलो. का, ते विचारलं नाही. अंग इतकं दुखत होतं की सरकायचंही जिवावर आलं होतं.

"हरणाबाई ठावं हाय का?"

ठाऊक नसायला काय झालं? रामकिसनची आई. बहात्तर साली एका मुकादमाबरोबर पळून गेली, पोराला टाकून. तेव्हा तो सहा वर्षांचा. तेव्हापासून त्याला गावात नाव पडलं, पळालेलीचं पोर. सोयरीक जुळत आली की कुणीतरी हे नाव तिथवर पोचवायचं. मागच्या वर्षी तिसऱ्यांदा मोडली.

"पळाली न्हवती ती," तात्या म्हणाले. "नीट ऐका. मधी बोलू नका.

"सांजचा भोंगा झाला की बाया त्या फाटकापशी वळीनं हुब्या ऱ्हायच्या. तिथं नागप्पा वॉचमन स्टुलावर बसायचा. एकेक बाई त्याच्याम्होरं यायची, पदर सोडून दोनदा झाडायची. पदरात रुई लपवली असली तर पडावी म्हनून. मग नागप्पा म्हनायचा, 'झाड, अन् नीघ.' त्यानं म्हनल्याबिगर कुनी उंबरा वलांडायचा न्हाय. मागलं दार भाईरनं कुलपात. तेबी चोरीच्याच भ्यानं.

"बहात्तरच्या शिमग्यात आग लागली. रुईला आग लागली की काय ऱ्हातंय? बाया फाटकाकडं पळाल्या. नागप्पा हुबा ऱ्हायला आडवा. एकेकीचा पदर झाडून घेतला, मग सोडली."

"आग लागल्यावर?" मच्छिंद्र बोललाच.

"आग लागल्यावर."

कंदील भुरभुरला. तात्यांनी वात खाली केली.

"हरणाबाई पार मागं व्हती. मागल्या दाराकडं. ती कुनाला दिसली न्हाय परत. दुसऱ्या दिशी पंच बसले. नागप्पा म्हन्ला, 'पदर झाडून गेली. म्या ह्या डोळ्यांनी बघितली.' आबाराव म्हन्ला, मंग ती पळाली. राख त्याच राती ट्रॉलीत भरून नेली. राखंत काय व्हतं, कुनी हात घालून बघितलं न्हाय. म्होरं दुष्काळ पडला. खडी फोडायला निम्मं गाव पांगलं. तेवढ्यात एक बाई न्हाय, तिचं कोन इचारतंय?"

मला उठून काहीतरी फोडावंसं वाटलं. पण सहा महिन्यांत जे फोडायचं ते आमचं फोडून झालं होतं.

"आता ह्या सालची येळवस," तात्या पुढं म्हणाले.

ती रात्र आम्हालाही ठाऊक होती. दुष्काळामुळं यंदा येळवशीला रानात भज्जी-आंबील नेऊन पुजावं असं रानात काही उभं नव्हतं. माणसं नुसती पांढरीत, गावातच बसून होती. म्हणून त्याच रात्री आम्ही जलशाची तालीम लावली आणि गावाला बोलावलं. बाया पुष्कळ आल्या, त्यात जिनात राबलेल्याच जास्त. तालीम संपली, बाया निघाल्या, आणि फाटकापाशी गजराबाई एकदम थांबली. पदर सोडला आणि दोनदा झाडला. चौदा वर्षांनी. सगळ्या बाया हसायला लागल्या. "आगं बया, सवयच ती!" म्हणून गजराबाईही हसली, आणि मग नागप्पाचा जाडा आवाज काढून म्हणाली, "झाड, अन् नीघ!" मागच्या प्रत्येकीनं मग झाडला. हसत हसत. आम्हीही हसलो. रामकिसननं तर प्रत्येक पदराला ढोलकीवर थाप दिली.

नागप्पा गेल्या वर्षी मेला. नाहीतर तोही हसला असता.

"तुमी समदे गेलात," तात्या म्हणाले. "म्याबी त्या राती घरलाच निजलो व्हतो. रामकिसन निम्म्या वाटंवरनं माघारी फिरला. तेरखेड्याच्या फटाकेवाल्याची गॅसबत्ती आत ऱ्हायली व्हती. सकाळच्या गाडीनं परत द्याची व्हती त्याला. तेवढ्यासाठी आला. बारा वाजून गेले असतील. अवस. गावात कुत्रं भुकत न्हाय.

"आत आला. बत्ती पेटवली, उचलली. फाटकापशी आला. खिशातनं कुलूप काढलं.

"आतनं खोकला आला.

"जिनातल्या बायांचा खोकला येगळा अस्तुय पोरांनो. कोरडा. पार तळातनं येतो.

"त्याला वाटलं, ऱ्हायली कुनी बाई. म्हन्ला, 'चला मावशी, कुलूप लावायचंय.'

"आली. मागल्या भिंतीकडनं. पदर नाकातोंडावर.

"फाटकापशी आली... अन् हुबी ऱ्हायली.

"'जावा मावशी.'

"न्हाय.

"फाटक सताड उघडं. भाईर गाव. ती हुबीच...

"नागप्पाचं स्टूल जिथं असायचं ना... रामकिसन नेमका तिथं हुबा."

तात्या थांबले. फाटकाकडं त्यांनी बघितलं नाही. आम्ही बघितलं. काही नव्हतं. चुन्याचं पिंप, उद्याच्या पताका.

"मग?" मी विचारलं.

"लई येळ गेला. बत्ती सू सू करतीया. ही हलंना. अन् जळक्याचा वास यायला लागला... काय बोलावं कळंना. तोंडातनं निसटलं. गजराबाईची नक्कल डोक्यात व्हती, तीच आली...

"'झाड, अन् नीघ.'



"झाडला. दोनदा.

"फट्.

"...फट्.

"अन् गेली भाईर. उजेड हाय तितवर दिसली. मागं वळली न्हाय."

मच्छिंद्रनं माझा दंड धरला होता. मला ते नंतर कळलं.

"उंबऱ्यावर रुई पडलेली. ओंजळभर. पांढरी सफेत, कडंनं करपलेली. आरं, यंदा ह्या पट्ट्यात कापसाचं एक बोंड न्हाय. अन् ही रुई ताजी, सरकीतनं आत्ता काढल्यागत. तवा त्याच्या डोस्क्यात परकाश पडला. समद्या बायांनी पदर झाडला व्हता ना, आगीच्या दिशीबी अन् येळवशीच्या रातीबी. एकीनंच झाडला नव्हता.

"पळत माझ्या घरी आला. दार बडवलं. हसत व्हता. 'तात्या, माय पळाली नव्हती. तात्या, माझी माय पळाली नव्हती.' म्या पानी दिलं. पानी पिला अन् भुईला बसला. मग म्हन्ला..."

तात्यांनी तोंडावरनं हात फिरवला.

"म्हन्ला, 'म्या तिला मावशी म्हन्लो, तात्या. अन् नीघ बी म्याच म्हन्लो.'"

मागच्या भिंतीवरचा चुना ओला होता, त्याचा वास येत होता. नुसता चुन्याचाच होता की नाही, ते मी ठरवलं नाही.

"उद्या हे आबारावच्या तोंडावर सांगा," मी म्हणालो. "भाषणाच्या आधी. माइक मी देतो तुम्हाला."

तात्या घोंगडी पसरायला लागले.

"तुम्ही होता ना त्या दिवशी? मशीनवर? मग पंचांपुढं तुमचं तोंड का शिवलं होतं? चौदा वर्षं ते पोर ऐकून घेतंय, पळालेलीचं पोर, पळालेलीचं पोर. अख्ख्या गावातल्या एका म्हाताऱ्याला..."

"झोपा आता," तात्या म्हणाले. "सकाळी पताका लावायच्यात."

आमच्या गावातली वडीलधारी माणसं अशीच. उत्तर द्यायची वेळ आली की दुसऱ्याला झोपायला सांगतात. पुढं भांडायचं माझ्याही अंगात राहिलं नव्हतं. आडवा झालो.

अंधारातून मच्छिंद्र म्हणाला, "पर तात्या, पुरावा काय? ती रुई कुठाय?"

"त्यानंच नेली. मायच्या लुगड्याचा एक धडपा जपून ठिवला व्हता त्यानं, त्यात बांधून. माझ्या घरी आनली तवा निखाऱ्यागत गरम व्हती. मला हातात धरवंना." तात्यांनी कंदील फुंकला. "आता गार पडली असंल. पंधरा दिस झाले की."

मी उठून बसलो. अंधारात नुसती माझी मांडी चाचपली, दुपारी कोपीत जिथं गठुडं ठेवलं होतं तिथं. कोपीत चूल नव्हती, हे मला आत्ता आठवत होतं. धूर नव्हता, तवा नव्हता, परात नव्हती.

आणि मी भाकरी समजून बसलो होतो.