तौनोची सरावखोली

खोटं वाटत असेल तर वाटू द्या. मी तिथं उभी होते, आणि पूर्ण शुद्धीत होते.

रात्रसुद्धा नव्हती. नोव्हेंबरातली दुपार होती. बाहेर अंधार होता, पण त्या दिवसांत आमच्या उत्तर ध्रुवाकडच्या किनाऱ्यावर तो दुपारीच पडतो.

आमच्या अणुवीज केंद्रात एक सरावखोली आहे. खऱ्या नियंत्रण कक्षाची हुबेहूब नक्कल. तौनो हिएताला या इंजिनिअरनं उभा जन्म तिथं घालवला, ऑपरेटर घडवण्यात. बढती आली, नको म्हणाला. काचेमागच्या केबिनमध्ये राय धान्याचा काळा पाव चघळत बसायचा आणि आमच्या चुका पकडायचा. मलाही त्यानंच घडवलं.

त्याचा हट्ट एकच. हुकूम ऐकलास की मोठ्यानं परत म्हण. समोरचा ‘बरोबर’ म्हणाला की मगच बटणाला हात. कुणी गाळलं, की तौनो केबिनमधली कळ दाबायचा.

सगळी खोली थिजायची. काटे, दिवे, पंपांची घरघर...

"घाई असेल तर टॅक्सी चालव," म्हणायचा.

ऑक्टोबरात तो गेला.

त्या दुपारी सरावखोलीतच त्याची स्मृतिसभा होती. फोटो, मेणबत्ती, कॉफी, वेलचीचे पाव. आमचा संचालक राउनो यानं तौनोचे गोडवे गायले. आणि त्याच दमात सांगून टाकलं, की हुकूम परत म्हणण्यात वेळ फुकट जातो, सोमवारपासून ते बंद. आत्ताच पाहुण्यांना करून दाखवू.

माझं डोकंच फिरलं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे नुसते ऐकले होते, त्या दिवशी पाहिले.

राउनोनं हुकूम दिला, दोन नंबरचा पंप बंद. सान्नी नावाची नवी ऑपरेटर होती. तिनं न बोलता हात पुढे केला.

आणि...

घरघर थांबली.

काटे जागच्या जागी थिजले.

मी वळून पाहिलं. केबिन रिकामी. दाराला कुलूप. तौनोनंतर ती जागा माझ्याकडे आली होती, किल्ली माझ्या खिशात.

यंत्र म्हातारं झालंय, राउनो हसून म्हणाला. मी केबिन उघडून खोली चालू केली, बाहेर आले, कुलूप लावलं.

सान्नीचा हात पुन्हा पुढे...

पुन्हा घरघर बंद. कुणी कपसुद्धा खाली ठेवेना.

तिसऱ्या खेपेला सान्नी पांढरीफटक पडली होती. राउनो डोळे वटारत होता, तरी तिनं हुकूम मोठ्यानं परत म्हटला. घरघर चालूच राहिली. मग तिनं स्वतःच्या बोटाकडे पाहिलं.

बोट तीन नंबरच्या पंपाच्या बटणावर होतं.

राउनो माझ्यावर उखडला. हा बिघाड काढ, नाहीतर तुझ्या जागी दुसरं कुणी बसेल.

"बसव," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "पण मी आहे तोवर इथं प्रत्येक जण परत म्हणेल. तूसुद्धा, राउनो."

पाहुण्यांपैकी एकही त्याच्या बाजूनं बोलला नाही. नियम राहिला. तंत्रज्ञांनी सगळं खोलून पाहिलं. बिघाड सापडला नाही.

आता त्या केबिनमध्ये मी बसते. तौनोची भीती? छे! त्याच्या शिव्या खाऊन वाढलेय मी.

पण सान्नी आता पलीकडच्या खऱ्या नियंत्रण कक्षात असते. परवा कॅन्टीनमध्ये माझ्याजवळ येऊन बसली.

"काइसू, काल घाईत मी परत म्हणायचं विसरले," ती म्हणाली. "हात बटणावर गेला... आणि सगळं थांबलं. श्वासभरच."

मी तिला कॉफी आणून दिली.

खऱ्या कक्षात सगळं थिजवायची कळच नाही.