छाटणी

तुषार पालकरांच्या स्मृतिपानावर सुरुवातीला एक्केचाळीस हालचाली होत्या: मान हलवण्याच्या अकरा, हातांच्या सोळा, चष्मा पुसण्याच्या तीन आणि नुसतं वर बघण्याच्या अकरा. दोन वर्षांनी सात उरल्या, म्हणून त्यांच्या पत्नी मृणालकाकूंनी स्मृतिपानांच्या कराडच्या केंद्रातून शर्वीला बोलावलं.

पूर्वी वेबपानावर काय केलं की काय हलेल, हे पान लिहिणारा ठरवत असे. स्मृतिपान ते स्वतः शिकतं. गेलेल्या माणसाच्या चित्रणांतून ते त्याच्या लकबी उचलतं. एखाद्या लकबीच्या वेळी बघणाऱ्याचं बोट पडद्याला लागलं, तर ती बळकट होते. वारंवार लागलं नाही, तर नकोशी समजून गळते. याला छाटणी म्हणतात.

शर्वीने नोंदी पाहिल्या. "काकू, पान रोज पंधरा तास उघडं असतं. स्पर्श एकही नाही."

"ओट्यावर असतं ना. मी भाजी चिरते, हे समोर बसतात. मी कढईकडे गेले की मान वळवतात."

"पण तुम्ही हात लावत नाही. पानाला वाटतं, या लकबी तुम्हाला नकोशा आहेत."

"चाळीस वर्षं असेच बसायचो आम्ही. आता काय बोटाने टोचू त्यांना? वैतागले असते."

शर्वी हसली.

"गेलेल्या हालचाली भरून दे," काकू म्हणाल्या.

"चित्रणं शिकवणीनंतर पुसतात, काकू. करारात आहे तसं."

"वाचला होता यांनीच. मी नुसती सही केली."

"शिकणं बंद करता येईल. मग या सात कायम राहतील. एकामागून एक, त्याच क्रमाने."

"आणि मी कढईकडे गेले तर?"

"कळणार नाही त्यांना. नुसतं चित्र फिरत राहील."

काकूंनी हातातली गवार मोडून ताटलीत टाकली. "मग नको. चालू राहू दे."

"तर हात लावत राहावं लागेल. वीस सेकंदांत एकदा तरी. नाहीतर याही जातील."

"बरं."

पुढच्या सोमवारची नोंद केंद्रात आली. पान उघडं: पंधरा तास चार मिनिटं. स्पर्श: तीन हजार नऊशे बारा. दोन स्पर्शांमधलं सर्वांत मोठं अंतर: एकोणीस सेकंद.