नवनीत नावाचा ठिपका

यात माझ्या पदरचं एक अक्षरही नाही. गायत्री माझी सख्खी मामेबहीण, तिच्याच तोंडून ऐकलंय. हसायचं असेल त्याने खुशाल हसावं.

गेल्या वर्षीचा सप्टेंबर. ब्राह्मणपुरी. भर दुपारचे तीन.

गायत्रीचा धाकटा भाऊ नवनीत गोमाई नदीच्या पुरात वाहून गेला, त्याला पाच दिवस झाले होते. शोधायला आलेली बोट चार वाजता शेवटची फेरी मारणार होती. "एकच जागा सांगा ताई, तिथे बघू," असं बोटवाले म्हणाले होते.

गायत्रीचं कामच ते. नाशिकला कॉम्प्युटरवर नद्यांचे पूर मांडून बघायचे. तिने गोमाई तापीला मिळते ते मुख लॅपटॉपवर मांडलं, पुराचं पाणी सोडलं, भाऊ पडला तिथे एक ठिपका टाकला. ठिपक्याला नाव द्यावं लागतं.

"नवनीत," असं पुटपुटत तिने लिहिलं.

कौसाबाई, तिची आई, मागून ओरडलीच. "अवं पोरी, तो पाणीमा शे तोवर नाव लेवानं नही!" पाण्यात गेलेल्याचं नाव घेतलं की तो हाकेला येतो, असं तिकडे मानतात.

"माय, आते गप बस ना!" गायत्री रडकुंडीला आली होती.

तिने गणित चालवलं.

ठिपका मुखाकडे गेला... थांबला... आणि उलटा फिरला.

प्रवाहाच्या विरुद्ध!

असं होतच नाही हो. तिने आकडे तपासले, पुन्हा चालवलं. ठिपका गोमाईतून वर आला, काठावर चढला. जिथे पाणीच नाही तिथूनही सरकत राहिला... केळीचे मळे... पाण्याची टाकी... त्यांची गल्ली.

बाहेरच्या कोंबड्या एकदम गप्प झाल्या.

पच्... पच्...

ओली पावलं ओट्यावर येऊन थांबली. बंद दाराखालून गढूळ पाणी आत आलं.

"ताई..."

आवाज नवनीतचाच!

आई दाराकडे धावली. गायत्रीने तिला मागे ओढलं आणि कडी दाबून धरली. आई बोचकारत होती, हंबरडा फोडत होती. गायत्रीचा कडीवरचा हात सुटला नाही.

मग पावलं मागे फिरली.

स्क्रीनवर ठिपका नदीत शिरला... मुख ओलांडून तापीत... आणि नकाशाच्या कडेबाहेर गेला.

चार वाजता तिने बोटवाल्यांना अंदाजाने खालचं वळण सांगितलं. तिथे काहीच मिळालं नाही. नवनीत आजपर्यंत मिळालेला नाही.

गायत्रीने ते काम सोडलं. फोन केला की आई तिला दारात आलेल्या नवनीतबद्दल एकच विचारते.

"तो घर उना व्हता. तू कडी का बर नही काढी?"